देव जामीन

जामीनदाराची सही नसलेला कर्जाचा अर्ज मी सरळ परत करतो. पण चिरंजीवांचं नाव ‘देवदत्त’ ठेवताना देवाची सही मी तरी कुठे घेतली होती?

ही खोड फार जुनी. बाबिलोनचा राजा नेबुकॅडनेझर (नाव चेकवर मावायचं नाही!). अर्थ, ‘हे नबू, माझ्या वारसाचं रक्षण कर.’ नबू हा लेखनाचा देव, म्हणजे आम्हा कारकुनांचं कुलदैवतच. त्याने शब्द राखला. हा वारस इ.स.पू. ६०५ ते ५६२ अशी त्रेचाळीस वर्षं राज्य करून गेला.

त्याचा मुलगा अमेल-मर्दुक, म्हणजे मर्दुक देवाचा माणूस. दोनच वर्षांत, इ.स.पू. ५६० मध्ये, मेहुण्याने त्याला मारून गादी बळकावली. या मेहुण्याचं नाव नेरिग्लिसर. अर्थ, ‘हे नेर्गल, राजाचं रक्षण कर’!

आता वसुली कोणत्या देवाकडून करायची? मला वाटतं, कोणाहीकडून नाही. जन्मभर लोक त्याला ‘राजाचं रक्षण कर’ अशी हाक मारत होते. त्याला वाटलं, ते देवाला सांगताहेत.

हसलो खरा. पण काल गणिताचे मार्क पाहून मी ‘देवदत्त!’ म्हणून ओरडलो, हात उगारला आणि अर्थ आठवला. देवाने दिलेला. म्हणजे माझ्याकडे ठेवच की! दुसऱ्याच्या ठेवीवर हात टाकणारा कारकून मी नव्हे.

हात खाली घेतला.