जाणून घेणे नेहमीच हिताचे का?

आपल्या मानेत दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमन्या असतात. त्यांतून मेंदूला रक्त जाते. त्यांत चरबी साचून वाट अरुंद झाली की पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉपलर सोनोग्राफीत हा अडथळा दिसतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मग धडधाकट माणसानेही ती करून घेणे हे कर्तव्य आहे का? न करणे हा निष्काळजीपणा ठरतो का?

येथे दोन प्रसंग वेगळे करू या. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तर आपण 'गेले एकदाचे' म्हणून गप्प बसतो. हे चूक आहे. तो इशारा असतो. लगेच इस्पितळ गाठले पाहिजे. असा इशारा मिळालेल्या आणि ७० टक्के किंवा अधिक अडथळा असलेल्या रुग्णांचा उत्तर अमेरिकेतील अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेमुळे दोन वर्षांतील त्या बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण २६ टक्क्यांऐवजी ९ टक्के राहिले. येथे जाणून घेणे हे कर्तव्यच.

पण ज्याला काहीच त्रास नाही, त्याचे काय? अशा सर्वसाधारण प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, ही शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०२१ साली कायम ठेवली. सोनोग्राफी निरुपद्रवी असली, तरी तिच्यामागून येणारे सारे तसे नसते. नसलेला अडथळा दिसू शकतो. पुढे आणखी तपासण्या, मग शस्त्रक्रिया. आणि शस्त्रक्रियेतच कधी पक्षाघात होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाची इच्छाही संयमाच्या सद्गुणाखाली ठेवली, ती उगाच नव्हे. मिळालेल्या ज्ञानाचे आपण काय करणार, हा खरा प्रश्न आहे.

जीव राखण्यासाठी साधारण उपाय बंधनकारक आहेत, असाधारण नाहीत, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांना सांगितले. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, गोळ्या न चुकवणे हे आपले साधारण उपाय. महागडी तपासणी करून तंबाखू चालूच ठेवणे हा विवेक नव्हे.

डॉक्टरांनी आपला धोका पाहून तपासणी सुचवली, तर अवश्य करावी. मात्र 'अडथळा निघाला तर पुढे काय?' हे आधी विचारावे. आणि आईवडिलांची तपासणी परस्पर ठरवणाऱ्या मुलांनी प्रथम त्यांनाच विचारावे. मान त्यांची आहे, निर्णयही त्यांचाच.