वाढणारे हात

सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईंना (१९०९–१९४३) एक गोष्ट सलत असे: पाहणे वेगळे आणि खाणे वेगळे. सुंदर वस्तू पाहिली तर राहते, खाल्ली तर संपते. म्हणजे प्रेम खाण्याच्या उलट्या टोकाला. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्येही प्रेमावरची भाषणे जेवण उरकल्यावरच सुरू होतात, ताटे उचलल्याखेरीज तत्त्वज्ञान सुचत नसावे. या मांडणीत खाणारा आहे, घास आहे. वाढणारे मात्र कुणीच नाही. माझा आक्षेप तेवढाच.

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या मुलखात, घास एकटा येतच नाही. पऱ्हे उपटायचे, गुडघाभर चिखलाच्या बांधीत वाकून रोवायचे, पुढे कापणी, चुरणी, कांडप, आणि मग कुठे पातेल्यात भात. रोवणाऱ्या बाईला आपला धान कोणाच्या ताटात पडेल हे ठाऊक नसते. तो भात संपवणे म्हणजे वस्तू नष्ट करणे नव्हे, कुणाचे तरी दिवस स्वीकारणे. मराठीत ताटात घालणे आणि मोठे होणे या दोन्हींना ‘वाढणे’च म्हणतात. शब्दाच्या योगायोगाने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वेलबाईंच्या नजरेतून निसटलेला तिसरा माणूस त्यात सापडतो.

कुणी म्हणेल, अन्न ही खालची पायरी. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू अन्नाला ब्रह्म मानून सुरुवात करतो आणि प्राण, मन, विज्ञान ओलांडून आनंदापाशी पोचतो. खरे आहे. पण उपनिषदाची तीच वल्ली, म्हणजे तोच भाग, आनंदानंतर पुन्हा अन्नाकडे वळते: अन्नाची निंदा करू नये, दाराशी आलेल्याला परतवू नये. शिडी चढून गेलेल्यालाच हे सांगितले आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. हे वाढणे जिथे चालते त्या पंगतींनीच जातीजातींना वेगळे बसवले, आणि आग्रह करकरून वाढणारी बाई शेवटी जेवली. याला पळवाट नाही. पण हे आपल्याला बोचते, ते वाढण्यात प्रेमाचा शब्द दिलेला असतो म्हणूनच. नुसती पोटाची सोय असती तर कोण आधी आणि कोण मागून, हा प्रश्नच उठला नसता. तेव्हा तो शब्द पाळला गेला का, हे भरलेल्या ताटांवरून कळायचे नाही. सगळे उठल्यावर पातेल्यात डोकवावे: मऊ भात उरला आहे की नुसती खरवड, आणि ती कोणाच्या वाट्याची.