घडी चार बोटं सरकवून

पावसाळा सरता सरता विहारापुढच्या पंचशील ध्वजाखाली उभं राहून वर पाहिलं, की त्यानं काय काय सोसलं ते दिसतं. खांबापासून लांबची मोकळी कड आधी जाते, कारण वाऱ्याचा सगळा फटका तिलाच. तिथली टीप सुटते, मग कापड दातेरी होतं, मग चिंध्या. लाल पट्टा गुलाबीकडे झुकलेला असतो, पांढऱ्यावर शेवाळी डाग पडलेले असतात, आणि नेफ्यातली दोरी उन्हापावसानं कडक होऊन कापडालाच काचत असते. आमच्या वर्धा जिल्ह्यात याच दिवसांत सोयाबीन काढणीला येतं, कपाशीची बोंडं फुटू लागतात, दुपारचं ऊन पुन्हा चटके देतं. अशोक विजयादशमी तोंडावर आलेली असते. वस्तीचा ध्वज शिवण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून दाखवण्याचंही. ही दोन्ही कामं एकाच बाईकडे आली, म्हणून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

सगळं अनित्य आहे असं रात्री वाचायचं, आणि सकाळी त्याच अनित्य कापडाची कड दुमडून दुहेरी टीप मारायची. हे कसं जमवायचं? खांब रंगवायला येणाऱ्या आमच्या एका पोरानं हाच प्रश्न सरळ विचारला. पॉलिश पेपरनं गंज घासता घासता म्हणाला, “मावशी, पुढच्या पावसात हे पुन्हा गंजणारच की. सगळं नाशवंतच असेल तर आपण हे कशाला करतो?” त्याला वाटलं मी रागावेन. मला तर बरं वाटलं. पोरं वंदना म्हणतात आणि अर्थ विचारत नाहीत, याचीच मला जास्त काळजी असते.

ध्वज पवित्र आहे म्हणून, हे उत्तर मला देता येत नाही. बाबासाहेबांनी ग्रंथात ठासून सांगितलं आहे की बुद्धानं आपल्या धम्मात स्वतःसाठीसुद्धा खास जागा ठेवली नाही. ज्यानं स्वतःला मखरात बसवून घेतलं नाही, त्याच्या नावाच्या कापडात दैवी काही कसं असेल? शिवाय हा ध्वज बुद्धकाळातला नाहीच. तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला, त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा चढला, आणि पुढच्याच वर्षी कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचं माप इतर देशांच्या ध्वजांसारखं बेताचं केलं गेलं. माणसांनी एकत्र बसून, विचार करून, मोजून कापलेली वस्तू आहे ती, आणि मला तिचं हेच फार आवडतं.

निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्यात तेच पाच रंग आडवे. म्हणजे एकूण दहा तुकडे. सहा फूट लांबीच्या ध्वजाला उभा पट्टा बरोबर एक फुटाचा पडतो. पण चार फुटांच्या रुंदीत पाच आडवे बसवायचे, तर प्रत्येक साडेनऊ इंचांहून किंचित जास्त येतो, शिलाईची जागा वेगळी. तिथे सूतभर फरक पडला तरी चार जोडांत मिळून तो वाढतो आणि शेवटचा पट्टा खाली लोंबतो. बाजारात छापील सॅटिनचे ध्वज मिळतात, स्वस्तही असतात. पण शिवलेल्या ध्वजाचा एक पट्टा फाटला तर तेवढाच उसवून बदलता येतो. धागा मात्र सुती घ्यायचा नाही. कापडाच्या आधी तोच कुजतो.

संयुत्त निकायात ध्वजावरच एक सुत्त आहे, ध्वजाग्र सुत्त. श्रावस्तीला जेतवनात भिक्खूंना सांगितलेलं. देव-असुरांच्या लढाईत शक्र आपल्या देवांना म्हणतो, भीती वाटली की माझ्या ध्वजाच्या टोकाकडे पाहा, भीती जाईल. भगवान म्हणतात, जाईल किंवा जाणारही नाही. कारण ज्याचा ध्वज आहे तो शक्रच राग-द्वेष-मोहातून सुटलेला नाही, तो स्वतःच घाबरतो आणि पळतो. तुम्ही रानात असा, झाडाखाली असा, ओस घरात असा, भीती वाटली तर बुद्ध, धम्म, संघ यांचं स्मरण करा. त्या स्मरणाचे सुत्तातले शब्द आपण रोज बुद्धवंदना, धम्मवंदना आणि संघवंदना म्हणून म्हणतो. म्हणजे खांबाखाली हात जोडून आपण जे म्हणतो, ते ध्वजाच्या टोकावर भरवसा ठेवू नका असं सांगणाऱ्या उपदेशातलंच आहे. माझी आई १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षेला होती. त्या दिवसाचं ती सांगायची तेव्हा पांढऱ्या लुगड्यांबद्दल बोलायची, बाबासाहेबांच्या मागून लाखो तोंडांनी म्हटलेल्या प्रतिज्ञांबद्दल बोलायची. भीती गेली ती त्या प्रतिज्ञांनी, असं तिचं म्हणणं.

मग कापडाची काळजी कशासाठी? मला याचं उत्तर विनयपिटकात मिळालं, तेही घडीच्या एका सूचनेत. शिष्यानं उपाध्यायाची सेवा कशी करावी याचे बारीक नियम महावग्गात आहेत. घामानं ओलं झालेलं चीवर थोडा वेळ उन्हात वाळवावं, पण उन्हात टाकून ठेवू नये. आणि घडी घालताना दोन्ही कोपरे चार बोटं मागेपुढे सरकवावे, म्हणजे मधोमध मोड पडत नाही. रोज एकाच रेषेवर मोडलेलं कापड तिथेच विरतं, हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असतं. ते अडीच हजार वर्षांमागच्या संघालाही ठाऊक होतं, आणि त्यांनी ते नियम म्हणून सांभाळलं! हे वाचल्यापासून मी ध्वजाची घडी तशीच घालते, आणि शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना नियम आणि त्याचं कारण दोन्ही सांगते.

सगळे संस्कार नाशवंत आहेत, हे तथागतांनी कुसिनारेला अखेरच्या घडीलाही सांगितलं. पण ते वचन तिथे थांबत नाही. त्याला लागूनच अप्रमादाचा आदेश आहे, गाफील न राहता काम तडीस न्या असा. आपण पहिला अर्धा भाग म्हणतो, उसासा टाकतो आणि दुसरा विसरतो. वस्तू टिकाऊच असती तर तिला कुणाच्या हाताची गरज पडली नसती. देवाचं देव राखेल असं म्हणायची सोय ज्यांना आहे त्यांना असेल. आमच्याकडे ती सोय नाही. राखायचं ते आपणच, आणि ते जाणार आहे हे पक्कं माहीत असताना राखायचं. मला यात कुठेही विरोध दिसत नाही. उलट, अनित्यता खरोखर पटलेल्या माणसाचा हात कापडावर जास्त हलका आणि जास्त वेळेवर पडतो, असं माझं मत आहे.

त्या पोराला मी हे सगळं लगेच सांगत बसले नाही. हातात पाना दिला आणि म्हटलं, खांब खालून वर ठोकत जा, आवाज ऐक. लोखंडी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो. पण वरची टोपी निघाली असली तर पाणी आत उतरतं, तळाशी साचतं, आणि खांब चौथऱ्याच्या सिमेंटात शिरतो तिथे गंज आतून खात येतो. चांगल्या जागी पाना खणखणतो, कुजलेल्या जागी बद्द वाजतो. चौथऱ्यापासून वीतभर वर त्याला तसा आवाज आला. त्यानं तिथेच पुन्हा पुन्हा ठोकून पाहिलं आणि स्वतःहून म्हणाला, “इथे रंग लावून भागायचं नाही.” वेल्डरला बोलावून तेवढा भाग कापून नवा जोड बसवला. मग रेड ऑक्साइड, ते नीट वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. चौथऱ्याला बाहेरच्या बाजूनं उतार दिला, पाणी खांबाशी थांबू नये म्हणून. कप्पीला तेल, नवी दोरी, आणि वर टोपी घट्ट.

काही ठिकाणी दरवर्षी आधीपेक्षा मोठा ध्वज चढतो आणि पुढच्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत त्याच्या चिंध्या लोंबत राहतात. आपल्या हातांना झेपणार नाही एवढा मोठा ध्वज हवा वाटणं, यालाच मी तृष्णा म्हणते. वाईट याचं वाटतं की चढवायला शंभर माणसं असतात आणि उतरवायला एकही नसतो.

उतरवलेल्या ध्वजाचं काय करायचं, यावर आमच्यात एकमत नाही. फाटलेला राष्ट्रध्वज खासगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा असं ध्वजसंहितेत आहे. आपणही तसंच करावं असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र चुल्लवग्गातला आनंद आठवतो. उदेन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे चिवरं दिली. हा भिक्खू आता कापडाचं दुकान मांडणार की काय, अशी राजाला शंका आली. त्यानं विचारलं, एवढ्यांचं करणार काय? ज्यांची चिवरं जीर्ण झाली त्यांना वाटीन. आणि जुन्यांचं? अंथरायच्या चादरी. त्या विरल्यावर? गादीच्या खोळी, मग जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि ती संपली की कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची. राजा इतका प्रसन्न झाला की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

म्हणून मी जुना ध्वज उसवते. टीप सुटून दहा तुकडे वेगळे झाले की त्यातला ध्वज कोणता, हे कुणी सांगू शकत नाही. नागसेनानं मिलिंद राजाला रथाबद्दल हेच तर विचारलं होतं. धड राहिलेल्या तुकड्यांची ग्रंथांना बासनं होतात, रविवारच्या वर्गाला येणाऱ्या मुलांच्या पिशव्यांना अस्तर होतं. विहाराच्या खिडक्या पुसायला त्यातला एक तुकडा घ्यावा असं मी एकदा सुचवलं, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना ते सहन झालं नाही. त्यांनी हे रंग कोणत्या दिवसांत पहिल्यांदा अंगणात लावले ते मला माहीत आहे, आणि त्यांच्यापुढे मी आता तो विषय काढत नाही. शिवण शिकणाऱ्या पोरींशी मात्र बोलते. त्यांतल्या दोघींना आनंदाचं म्हणणं पटलं आहे; तिसरी म्हणते, खिडक्यांपर्यंत ठीक, पायपुसण्याला तिची तयारी नाही.