पाचवा रंग

जगात रंग किती, असे शाळेत विचारले असते तर मी ‘सात’ म्हणून ठोकून दिले असते, आणि मास्तरांनी मार्कही दिले असते. छापखान्यात मात्र उत्तर चार. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. (यांनाच सायन, मॅजेंटा वगैरे म्हटले की बिल वाढते.) या चौघांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी उमटतात आणि आपला भोळा डोळा त्यांचा हापूस करतो, पैठणी करतो, पुढाऱ्याचा चेहराही करतो. भिंग लावून पाहा, पुढाऱ्याच्या गालावर गोवर उठलेला दिसेल.

पण या चौघांना न जुमानणारा एक पाचवा असतो. छापखान्यात त्याला ‘स्पेशल कलर’ म्हणतात. हा आधीच घोटून, डब्यात बसून, नंबर घेऊन येतो. अमेरिकेतल्या पॅन्टोन कंपनीने १९६३ साली अशा रंगांची नंबरवार पद्धतच काढली. सलग, ठसठशीत बसतो. पण थाट जावयाचा. त्याला वेगळी प्लेट लागते, आणि खर्च सासऱ्याचा.

माझा भाचा कॉम्प्युटरवर असली कामे करतो. एका मसालेवाल्यांची एकशेऐंशी लेबले त्याच्याकडे होती. सगळ्यांवर एकच स्पेशल नारिंगी, दुकान काढणाऱ्या आजींनी पसंत केलेला. भाच्याने कॉम्प्युटरला एकदाच हुकूम सोडला आणि झाडून सगळ्या लेबलांतला नारिंगी चौघांच्या टक्केवारीत वाटून टाकला.

“मामा, चहा निवायच्या आत एकशेऐंशी!”

“आणि दिसतो तसाच?”

“तसाच. म्हणजे... जरा ताप येऊन गेल्यासारखा.”

कडक नारिंगीचे असे होतेच. सोनेरी-चंदेरी तर चौघांच्या बापाला जमत नाही.

“गिऱ्हाइकाला सांगितलंस?”

“कुणाच्या लक्षात येणार आहे, मामा?”

हा प्रश्न दुधात पाणी घालणाराही विचारतो. पण भाच्याला गवळ्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल. तो गिऱ्हाइकाचे पैसेच वाचवत होता. शिवाय स्पेशलपणाचे एवढे कौतुक मी कोणत्या तोंडाने करू? माझा संताप साठ टक्के वडिलांचा, चिकटपणा शंभर टक्के आजोळचा. (ही टक्केवारी आमच्या मंडळींची आहे. त्यांच्या माहेरचे मात्र सगळेच पॅन्टोन.)

मला टोचले ते निराळेच. हे रूपांतर एका दिशेचे असते. फाइलमध्ये उरते ‘मॅजेंटा ५५, पिवळा १००’. त्यावरून हा मूळचा कोण, हे कॉम्प्युटरला विचारूनही कळत नाही. दोन वेगळे रंग एकाच आकड्यावर येऊन बसू शकतात. रंग फिका झाला तर डोळा सावरून घेतो हो. पण नावच पुसले, तर काही गेले आहे हेसुद्धा कुणाला कळायचे नाही. मग ‘लक्षात येणार नाही’ ही सबब कसली? ती तर तक्रारच झाली.

भाचा मुकाट्याने मूळ फायली वेगळ्या ठेवून, दोन्ही लेबले घेऊन दुकानात गेला. आजी आता नाहीत, सूनबाई व्यवहार बघतात. त्यांनी दोन्ही उजेडात धरली. डावे क्षणभर जास्तच धरले.

“हे सासूबाईंचं,” त्या म्हणाल्या, आणि उजवे छापायला सांगितले.