मजुराचा रोज आणि मालकाचे गणित

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात चार माणसे थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. हल्ली तेथे एक विषय हमखास निघतो. वाडीवाला म्हणतो, "मजुरांचा रोज आता परवडत नाही. फुले खुडायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी देऊन हातात काही उरत नाही." वालीवला गाळा असलेला त्याला दुजोरा देतो, "दर वर्षी पगार वाढवायचा, पण माल घेणारी कंपनी भाव वाढवून देते का?" जवळच उभी असलेली, चार घरची धुणीभांडी करणारी आपलीच एक भगिनी हे ऐकते. ती बोलत काही नाही. पण घरी जाताना शेजारणीला म्हणते, "सिलिंडर वाढला, रिक्षा वाढली, पोरांची फी वाढली. माझा पगार तेवढा तीन वर्षांपूर्वीचाच."

या तिघांनी थोड्याच वेळापूर्वी एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारलेले असते. तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. मग बरोबर कोण? मजुरी वाढली की धंदा बसतो, हे खरे का? आणि धंदा बसेल या भीतीने मजुराला अपुरा रोज देणे न्यायाचे का? बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा आज थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम मालकाची बाजू पाहू. आपल्यापैकी बरेच मालक काही कारखानदार नव्हेत. कोणाचा लहानसा गाळा आहे, कोणाची वीस-पंचवीस गुंठे वाडी. समजा, एका गाळ्यात बारा कामगार आहेत आणि प्रत्येकाला महिना दोन हजार रुपये वाढ दिली. म्हणजे २४ हजार रुपये झाले. त्यावर राज्य कामगार विमा योजनेचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ७८० रुपये. एकूण २४ हजार ७८० रुपयांचा बोजा दरमहा वाढला. हे पैसे येणार कोठून? मालाचा भाव मालकाच्या हाती नाही, तो मोठी कंपनी ठरवते. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ साली झाला. तरीही पैशांसाठी खेटे घालणारे गाळेवाले आपल्या ओळखीचे आहेत. वाडीवाल्याचे तर याहून कठीण. पहाटे खुडलेला मोगरा दादरच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्याला भाव काय मिळेल हे ठाऊक नसते, पण मजुराचा रोज मात्र आदल्या दिवशीच ठरलेला असतो. तेव्हा "परवडत नाही" असे म्हणणारा प्रत्येक जण कंजूष असतो असे समजू नये.

आता मजुराची बाजू. त्याचेही एक गणित आहे. फक्त ते वहीत लिहिलेले नसते. माणसाला जगायला किती लागते, याचा विचार आपल्या देशाने फार पूर्वी केला आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टी आखली. मजूर, त्याची बायको आणि दोन मुले मिळून तीन माणसांचे खाणे धरावे, माणशी रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवा व इतर किरकोळ खर्चासाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली, की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत. ही काही चैनीची यादी नव्हे. आपण आपल्या घरात यातील कोणती गोष्ट वगळू शकतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. त्या काळी युरोपात सरसकट असे मानले जाई, की मालकाने सांगितले आणि मजुराने मान्य केले म्हणजे मजुरी ठरली, त्यात अन्याय कसला? पोपमहाशयांनी हे मान्य केले नाही. पोटाला चिमटा बसला म्हणून माणूस कमी मजुरीलाही होकार देतो. तो होकार मोकळ्या मनाचा नसतो. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढी मजुरी त्याला मिळणे हा दोघांच्या करारापेक्षाही जुना आणि मोठा नियम आहे, असे त्यांनी शिकवले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेतले, ते याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

पण ख्रिस्तसभेची शिकवण एवढ्यावर थांबत नाही, आणि हे आपल्याला कमी ठाऊक असते. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, जगभर मंदी असताना पोप अकरावे पायस यांनी मजुरी ठरवण्यासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. कामगाराच्या कुटुंबाचा निर्वाह, धंद्याची परिस्थिती आणि साऱ्या समाजाचे हित. धंदा मोडून पडेल आणि कामगारच बेकार होतील, इतकी मजुरी मागणे न्यायाचे नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. मात्र लगेच मालकालाही बजावले, की धंदा तुझ्या आळसामुळे किंवा नवे तंत्र न शिकल्यामुळे तोट्यात असेल, तर ते मजुरी कापण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि एखाद्या धंद्याला कोणी बाहेरचा अन्यायाने कमी भाव देत असेल, तर त्या मजुरांच्या उपासमारीचे पाप त्या बाहेरच्याच्या माथी आहे. हे शेवटचे वाक्य आपण लक्षात ठेवू, कारण पुढे ते आपल्यालाच लागू पडणार आहे.

मजुरी वाढली की कामे जातात, हे नेहमीच खरे असते का? अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. १९१३ साली अमेरिकेतील फोर्डच्या मोटार कारखान्यात माणसे टिकत नव्हती. सुमारे चौदा हजारांची गरज भागवायला वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाचा रोज पाच डॉलर केला, आधीच्या दुपटीहून जास्त. त्याला अटीही होत्या. पण माणसे टिकली, रोज नवा माणूस शिकवण्याचा खर्च वाचला आणि धंदा वाढला. १९९२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तेथील खाण्याच्या दुकानांची शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील दुकानांशी तुलना केली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला, पण वाढ माफक असेल तर आकाश कोसळत नाही, हे अनेकांना पटले. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी बाजू आपल्या अगदी दाराशी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागणी मुख्यतः पगारवाढीची होती. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो घरांतील चूल विझली. मजुरी वाढवून मागितली म्हणून गिरण्या बुडाल्या, असे म्हणणारे आजही भेटतात. पण ते अर्धसत्य आहे. कित्येक गिरण्यांतील यंत्रे जुनाट झाली होती, भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर स्वस्त कापड निघत होते आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची होऊ लागली होती. पायस पोपमहाशयांनी सांगितलेल्या दोन्ही चुका तेथे एकत्र दिसतात. धंद्याची कुवत न पाहता लढा ताणला गेला, आणि धंद्याची निगा न राखता मालकांनी कुवतीची सबब सांगितली.

यातून मला असे वाटते, की मजुरीच्या प्रश्नात दोन पायऱ्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली पायरी किमान वेतनाची. येथे वाटाघाट नाही. केरळमधील कौलांच्या कारखान्यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते. तेवढेही देता येत नसेल तर तो धंदा चालवण्याचा हक्क पोहोचत नाही. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम म्हणजे वेठबिगारच, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचे छत्र सर्व कामधंद्यांवर धरले आहे आणि रोजंदारीच्या माणसाला त्याची मजुरी पाळी संपताच द्यावी असे म्हटले आहे. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराचे पैसे द्या, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा आपण अनुवादाच्या पुस्तकात वाचतो. कायद्याला तेथवर यायला फार वेळ लागला.

दुसरी पायरी किमान वेतनाच्या वरची. येथे मात्र बोलणे हवे, आणि बोलणे म्हणजे दोघांनी वही उघडणे. मालकाने सांगावे, की धंद्यात एवढे येते, एवढे जाते. कामगारानेही सांगावे, की माझे भागत नाही, आणि काम वाढवायला मी काय करू शकतो. जेथे वही बंद असते तेथे संशय वाढतो. आणखी एक अडचण येते. नव्या माणसाचा रोज वाढवला की दहा वर्षे काम केलेला म्हणतो, "मग माझे काय?" मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेल्यांनी हीच कुरकूर केली होती. तो दाखला मुख्यतः देवाच्या औदार्याचा आहे, मजुरीचे दरपत्रक नव्हे. पण त्यातील एक गोष्ट मनाला लागते. संध्याकाळी पाच वाजता आलेल्या माणसाच्या घरीही तेवढीच तोंडे खाणारी होती. त्याला कोणी कामाला लावले नव्हते, हा काही त्याचा दोष नव्हता.

आता त्या 'बाहेरच्या'विषयी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमावरील परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' असा शब्द वापरला. कामगाराला जो पगार देतो तो प्रत्यक्ष मालक; पण ज्यांच्या निर्णयांमुळे तो पगार तेवढाच राहतो, त्यांच्यावरही जबाबदारी येते. मघाच्या गाळ्याकडे पुन्हा वळू. समजा, तेथे महिन्याला ८० हजार नग तयार होतात. मग बारा कामगारांच्या पगारवाढीचा बोजा एका नगामागे किती? सुमारे ३१ पैसे. हे ३१ पैसे मोठी कंपनी द्यायला तयार नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक रुपयाचीही सूट सोडत नाही. आणि ते गिऱ्हाईक कोण? आपणच.

आपण मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो आणि भाजीच्या पाटीवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. लग्नात मंडप, बँड, जेवण यांवर लाखो रुपये खर्च करतो, आणि वाढपी पोरांना किती मिळाले हे विचारत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचे चार खाडे कापतो, पण स्वतःची पगारी रजा हक्काची मानतो. आणि एक प्रश्न जरा जवळचा आहे. आपल्या चर्चची झाडलोट करणारे, सणाला दिवे लावणारे, दफनभूमीत खड्डा खणणारे हात, त्यांना आपण काय देतो? सणाच्या हिशेबात सजावटीचा आकडा आणि मजुरीचा आकडा आपण कधी शेजारी शेजारी ठेवून वाचला आहे का? "देवाचे काम आहे, थोडे कमी घे" असे म्हणणे सोपे आहे. याकोबच्या पत्राप्रमाणे अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज प्रभूच्या कानी जातो. चर्चच्या आवारात अडवलेली मजुरी काही कमी ओरडत नसावी.

यावर कोणी म्हणेल, एकट्याने रोज वाढवला तर शेजारचा वाडीवाला कमी खर्चात माल विकेल आणि मी मागे पडेन. ही भीती खरी आहे, म्हणून तर हे काम एकट्याचे नाही. आपल्या गावातील वाडीवाले एकत्र बसून एक रोज ठरवू शकतात. गाळेवाले एकत्र येऊन थकलेल्या पैशांसाठी दाद मागू शकतात. सोसायटी घरकामाच्या बायकांसाठी वर्षातून एकदा वाढ आणि आठवड्यातून एक सुट्टी ठरवू शकते. एकाने केले तर तो उपकार वाटतो. सर्वांनी केले तर ती रीत होते, आणि मग कोणालाच मागे पडण्याची भीती राहत नाही.

या आठवड्यात एवढेच करू या. आपल्याकडे राबणाऱ्या एका माणसाचा पगार कागदावर लिहावा आणि त्याच्या घरचा महिन्याचा खर्च त्याला विचारून शेजारी लिहावा. दोन्ही आकडे एकदा नीट पाहावेत. आपल्याला खरोखरच वाढवता येत नसेल, तर तसे त्याला समोर बसवून, वही दाखवून सांगावे. वाढवता येत असेल, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.