अज्ञान कोण?

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या पोराला ‘अज्ञान’ म्हणतात. सांगायचं होतं वय, काढली अक्कल. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढं अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हाही अडाण्यांना मत कशाला, हीच बोंब होती. बाबासाहेबांनी मताचा अर्थच निराळा लावला : मिळून जगायच्या अटी ठरवायचा हक्क. मग मी विचारतो, त्या अटी सगळ्यात जास्त वर्षं भोगणार कोण?

मुंबईचा विकास आराखडा २०१८ ला मंजूर झाला, २०३४ पर्यंतचा. तेव्हाचं दहा वर्षांचं पोरगं २०३४ ला सव्वीस वर्षांचं बाप्या होणार. पण मतदार यादीत नाव नाही म्हणून त्याच्या दारात कोण जातो? खरं तर १९६६ चा नगररचना कायदा आराखड्यावर ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत घेईल म्हणतो. मतदार म्हणत नाही. २०१५ चा पहिला मसुदा हजारो हरकतींनीच गुंडाळायला लावला. दार उघडं आहे, पायरी तेवढी नाही.

बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. वरळी-नायगावची पोरं खोलीत वाढलीच नाहीत, पॅसेजात, जिन्यात, मैदानात वाढली. आता तिथं टॉवर, ५०० फुटांचा फ्लॅट. हक्काचाच आहे. १६० फुटांचं कौतुक बाहेरून बघायला येणाऱ्यांनी करावं. पण पोर फूट मोजत नाही. ते विचारतं, खेळायचं कुठं? लिफ्ट बंद पडली तर आजी खाली कशी येणार? आणि झोपडपट्टीतली पोरगी विचारते, संडासाच्या वाटेवर दिवा का नाही? नगररचना म्हणजे दुसरं काय असतं?

आपलेच कार्यकर्ते म्हणतात, इथं बापाला कोण विचारतो, तू पोराचं काय घेऊन बसलास! बापाला विचारत नाहीत हे खरं. पण सही तरी त्याची घेतात. आणि फुकटच्या घराला झोपडी पात्र ठरते ती १ जानेवारी २००० आधीच्या पुराव्यावर. २०१० ला जन्मलेल्या पोरीचा पुरावा कोणता? तिचं सगळं जगणंच तारखेच्या अलीकडचं. पँथर १९७२ ला उभी राहिली ती विशीतल्या पोरांनी. ‘मोठे व्हा मग बोला’ म्हणणारे तेव्हाही होतेच.

नुसती चित्रकला स्पर्धा नको. ‘माझे सुंदर शहर’, बिस्किटाचा पुडा, साहेबांबरोबर फोटो... च्यायला, याला सहभाग म्हणतात! बालहक्कांचा करार १९८९ चा, भारतानं १९९२ ला मान्य केला. त्याचं बारावं कलम सांगतं, मुलाशी संबंध असलेल्या गोष्टीत त्याचं मत घ्या आणि त्याला वजन द्या. वजन म्हणजे लेखी उत्तर. वस्तीतल्या शाळेत नकाशा लावा, साध्या मराठीत. पोरांच्या हरकती घ्या. मान्य की अमान्य, कारणासकट कळवा. आणि ते पत्र ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून बापाच्या नावावर नको, पोरीच्या नावावर पाठवा.