शब्द खरे, समज खोटी

जे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे, एवढीच असत्याची व्याख्या धरली, तर नात्यांतील बरीचशी फसवणूक तिच्यातून निसटते. कारण आपल्या माणसांशी धडधडीत खोटे बोलण्याची वेळ फार थोड्यांवर येते. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सत्य हा एक यम, म्हणजे आचरणावर घालून घेतलेला निर्बंध, मानला आहे. त्यावरील व्यासभाष्यानुसार आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या मनात उतरवण्यासाठी वाणी असते, म्हणून ती फसवी, भ्रांत किंवा निरर्थक नसावी. फसव्या वाणीचे उदाहरण म्हणून टीकाकार वाचस्पतिमिश्र युधिष्ठिराकडेच बोट दाखवतात. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता; परंतु ‘हत्ती’ हा शब्द युधिष्ठिराने पुटपुटला, आणि पुत्र गेला असे द्रोणांना वाटावे हाच त्यामागचा हेतू होता. अश्वत्थामा मारला गेला या भीमाच्या बोलण्याने समाधान न झाल्याने द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले ते त्याच्या सत्यनिष्ठेवर भरवसा ठेवून, आणि तो भरवसाच फसवणुकीचे साधन ठरला.

जैन आचार्य याहून खोल जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत. त्यांपैकी न्यासापहार म्हणजे, पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेनुसार, ठेव ठेवणारा मूळ संख्या विसरून कमी मागू लागला असता त्याला होकार देणे. हातउसने घेतलेले पाच हजार फेडताना मित्र ‘चारच होते ना?’ म्हणतो आणि घेणारा मुकाट्याने चार मोजतो, तेव्हा चूक मित्राची असली तरी ती टिकवून धरण्याचे पाप घेणाऱ्याचे असते. साकारमंत्रभेद हा दुसरा दोष म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावरून, भुवयांच्या हालचालीवरून त्याचे मनोगत ताडून मत्सरापोटी ते उघड करणे. येथे सांगितलेली गोष्ट खरी असूनही विश्वासघात घडतो.

‘मन दुखावू नये म्हणून सांगितले नाही’ हे समर्थन नेहमी पुढे केले जाते, आणि प्राणिमात्रांचे हित पाहूनच बोलावे असे व्यासभाष्यही बजावते. मात्र हित कुणाचे, हे प्रामाणिकपणे तपासले की अनेकदा दुसऱ्याच्या मनापेक्षा स्वतःची सोय जपलेली आढळते. म्हणून सत्याची कसोटी वाक्यात नसून ऐकणाऱ्याच्या मनात उरलेल्या समजुतीत आहे: ती चुकीची आहे हे ठाऊक असून, आणि त्यात आपला लाभ असल्यामुळे, ती दुरुस्त न करणारा मनुष्य एकही खोटा शब्द न उच्चारता असत्य आचरत असतो.